अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा महाराज

अक्कलकोट रोडवरच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग दारातून पार रस्त्यावर आला होता. आत स्टेजवर, जिथे एरवी नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या मांडतात, तिथे एक लांबलचक काळा कीबोर्ड ठेवला होता. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, झेंडूच्या माळांनी मढवलेला. त्याच्या मागे रेशमी झब्बा घालून नादानंद महाराज डोळे मिटून डुलत होते. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ लाउडस्पीकर भाड्याने देत असे. पुढे कर्ण्यांचा धंदा बसला, तेव्हा त्याने स्वतःलाच कर्णा करून घेतलं.

“डोळे उघडून बघा, लेकरांनो!” स्वतःचे डोळे मिटूनच महाराज म्हणाले. “याला वायर नाही. याच्या पोटात स्पीकर नाही. मग आत बोलतो कोण?”

“नाद!” गर्दी ओरडली.

“माणसाच्या देहात नाड्या किती?”

“अठ्ठ्याऐंशी!” कुठल्याही डॉक्टरला घेरी येईल अशा आत्मविश्वासाने लोकांनी उत्तर दिलं.

महाराजांनी एका पट्टीवर बोट टेकवलं आणि सगळा हॉल तंबोऱ्याने भरून गेला. दुसरीवर टेकवलं, बासरी. तिसरीवर टेकवलं, घंटा. पुढच्या रांगेतल्या केराबाईने पदर डोळ्यांना लावला. “आवं, वायर न्हाय काय न्हाय, आन् बोलतंय की वो!” ती शेजारणीला म्हणाली. मग महाराज एकेकाला वर बोलवू लागले. कुणाच्या बोटाखाली कीबोर्ड गायचा, कुणाच्या बोटाखाली ढिम्म राहायचा. जो गायला तो भाग्यवान. त्याने तसाच ‘सिद्ध’ कीबोर्ड महाराजांकडूनच घ्यायचा, बाजारभावाच्या तिप्पट दराने. ज्याच्या हाताखाली गप्प राहिला, त्याला ‘मुका दोष’. त्याने घरातली वाद्यं आणून महाराजांच्या पायाशी विसर्जित करायची. गाणाराही नागवला जायचा आणि मुकाही.

“ध्यानात ठेवा,” महाराज दर पाच मिनिटांनी बजावत, “वाद्य माणूस निवडतं, माणूस वाद्य निवडत नाही!”

पाचव्या रांगेत बसलेल्या समराला हे वाक्य ऐकून हसू आवरेना. तिच्या अब्बांनी, खाजाभाईंनी, तिला कोपराने ढोसलं. “हसू नक्को बेटा. मोठा माणूस हाय.”

समरा नई जिंदगी भागातल्या घरात, जिन्याखालच्या खोलीत संगीत करायची. कुणाच्या लग्नाची गाणी, कुणाच्या दुकानाची जाहिरात, भीमगीतं गाणाऱ्या प्रदीपच्या गाण्यांचा साज. एक लॅपटॉप आणि हातभर लांबीचा छोटा कीबोर्ड, एवढाच तिचा संसार. त्या छोट्यावर एक हात ठेवला की दुसऱ्याला जागा उरत नसे. तिला पूर्ण लांबीचा हवा होता, पियानोसारख्या जड पट्ट्यांचा, म्हणजे हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर जोरात सूर निघेल. कपाट आणि खिडकी यांच्यामधली जागा तिने विती टाकून मोजूनही ठेवली होती. खाजाभाई घेऊन द्यायला तयार होते. फक्त त्यांना कुणीतरी सांगितलं, की महाराजांचा घ्या, बरकत येते. ते टेम्पो चालवणारे, बरकतीचं नाव काढलं की त्यांचा ब्रेक लागत नसे.

आता हा सगळा चमत्कार कशावर उभा होता, ते सांगायला हवं. आपल्या सोलापुरात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची कुठलीही पेटी दिसली, की तिला कॅसिओ म्हणायचं. वरातीतल्या बँडच्या गाडीवर जो असतो, तो आपला कॅसिओ. त्याच्या पोटातच आवाज असतो आणि पोटातच स्पीकर. त्यामुळे आवाज पेटीत राहतो, हे इथल्या पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ. घरी संगीत करणारे जो कीबोर्ड वापरतात तो मुळातच मुका असतो, त्यातून नुसता हुकूम निघतो आणि आवाज कॉम्प्युटर काढतो, हे त्या हॉलमध्ये समरा, महाराज आणि महाराजांचा एक शिष्य सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. महाराजांची सगळी सिद्धी ती एवढीच.

समराचं चुकलं ते दारात. नाव नोंदवताना तिने महाराजांचा पट्टशिष्य शिवप्पा याला सरळ विचारलं होतं, “भाऊ, लॅपटॉप कुठं ठेवलाय?” शिवप्पाचा चेहरा पडला. तिचा नंबर आला तेव्हा कीबोर्ड दगडासारखा गप्प राहिला. माळेच्या आडून एक निळा दिवा तेवढा लुकलुकत होता.

“मुका दोष!” महाराजांनी कपाळाला हात लावला. “भारी मुका दोष. खाजाभाई, ही मुलगी ज्या घरात वाजवेल, त्या घरातली चाकं थांबतील.”

आणि थांबली की! त्याच आठवड्यात मोडनिंबच्या पुढे खाजाभाईंच्या टेम्पोची क्लच प्लेट गेली. झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली आणि घरात कावळ्याचीच पूजा सुरू झाली. खाजाभाईंच्या बहिणीने, सरदारबी फुफीने, तर हात उडवून निकालच दिला. “मी म्हणतच होते, ह्या ढँगढँगनं घरात सुख न्हाय.”

“अब्बा, तो कीबोर्ड मुकाच असतो,” समरा कळवळून सांगू लागली. “माझा पण मुकाच हाय. आवाज लॅपटॉप काढतो.”

“मग महाराजांचा कसा बोलतो?”

“त्यांचा लॅपटॉप आत दडवलाय.”

“तू बघितलास?”

नव्हता बघितला. खाजाभाईंनी लॅपटॉप आणि छोटा कीबोर्ड एका पिशवीत घालून कपाटात कुलूपबंद केले. येत्या रविवारी विसर्जन. बाप वाईट नव्हता, घाबरला होता. आणि घाबरलेल्या माणसाच्या प्रेमासारखं आडमुठं दुसरं काही नसतं. समरा दोन दिवस रडली. तिच्या बोटांतून निघणारं सगळं त्या पिशवीत होतं, प्रदीपचं अर्धं झालेलं गाणंसुद्धा. तिसऱ्या दिवशी तिने डोळे पुसले आणि मोबाइल हातात घेतला. मोबाइल कपाटात ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. दुधनी-मैंदर्गीकडून जीप भरून लोक आले होते. स्टेजच्या कडेला विसर्जनाच्या वाद्यांची रास पडली होती. पेट्या, लहान मुलांचे कीबोर्ड, एक गिटारसुद्धा. महाराज त्यांचं नक्की काय करत, हे विचारण्याचं पाप कुणी केलं नव्हतं. मंगळवारच्या बाजारात ती वाद्यं कुणी विकायला आणतं, हेही कुणी पाहायला गेलं नव्हतं.

“बेटी, भिऊ नको,” महाराज तुपासारख्या आवाजात म्हणाले. खाजाभाई पिशवी छातीशी धरून मागे उभे होते. “विधीप्रमाणे सिद्ध वाद्याला शेवटचा स्पर्श कर. मग दोष इथेच सोडून जा.”

समराने पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली. काही नाही. गर्दीतून ‘च्च च्च’ असा आवाज आला.

“बघा!” महाराज गर्जले. “वाद्य माणूस निवडतं—”

“महाराज, एकदा मागच्या बाजूनं दर्शन घेऊ का?” समराने अदबीने विचारलं. दर्शनाला नाही कोण म्हणणार? ती कीबोर्डमागे गेली, वाकली, झेंडूची माळ बाजूला सारली आणि पर्समधून हातभर वायर काढून तिचं एक टोक कीबोर्डच्या मागच्या खाचेत खुपसलं, दुसरं आपल्या मोबाइलमध्ये. महाराजांना काय चाललंय ते कळेपर्यंत तिने त्यांच्यासमोरचा माइक मोबाइलला भिडवला होता. मग तिने मधली पट्टी दाबली.

“वाद्य माणूस निवडतं!” हॉलभर महाराजांचाच आवाज घुमला. महाराजांचे ओठ मात्र मिटलेले होते.

समराने डावीकडची पट्टी दाबली. तेच वाक्य, पण गाभण म्हैस रवंथ करता करता बोलावी तसं, संथ आणि जाड. मग उजवीकडची शेवटची. तेच वाक्य चिचुंद्रीच्या आवाजात. पाच पट्ट्या एकदम दाबल्या, तेव्हा पाच नादानंद एकमेकांच्या अंगावर ओरडू लागले. आधी मागच्या रांगेत एक पोरगं फिसकन हसलं, मग बाया हसल्या, मग दुधनीचे जीपवाले मांड्या बडवायला लागले.

“अपवित्र! वायर लावून वाद्य बाटवलं!” महाराज किंचाळले.

“बाटवलं न्हाय, महाराज, वाजवलं,” समरा माइकवरून म्हणाली. “तुमचं वाक्य मी मागच्या रविवारी मोबाइलवर टिपून घेतलं होतं, ते मोबाइलमधल्या ॲपनं पट्ट्यांवर बसवलं. अब्बा, तुमीच सांगा. स्टिअरिंग नुसतं सुटं काढून फिरवलं तर टेम्पो चालंल का?”

खाजाभाई गोंधळले. “कसा चालंल? इंजिन नको?”

“हे नुसतं स्टिअरिंग हाय. इंजिन आतल्या खोलीत हाय. ही बाजूची अंगठ्याएवढी डबी बिनतारी इशारा तिकडं पाठवते. ज्याचा आवाज बंद करायचा, त्याचा शिवप्पा आतून बंद करतो. आज माझा केलाय, म्हणून तर हॉलमध्ये माझा मोबाइल एवढा छान ऐकू आला.”

खाजाभाईंनी पिशवी समराच्या हातात दिली. ते स्टेजमागच्या, लग्नात नवरीला बसवतात त्या खोलीच्या दाराशी गेले आणि टेम्पोचा जाम झालेला मागचा फाळका उघडतात तसा खांदा लावला. आत शिवप्पा लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्यावर स्टेजचं चित्र चालू होतं, एका हाताशी कॉम्प्युटरचा उंदीर, दुसऱ्या हातात शेंगाचटणी-भाकरीचा घास. नादब्रह्माचं मुख्यालय ते हेच.

“आवं, ह्येच्यासाटी मी नातवाची प्येटी दिली व्हय!” केराबाई ओरडली आणि पदर खोचून त्या राशीकडे धावली. तिच्यामागे सगळेच धावले. त्या गडबडीत महाराज झब्बा सावरत मागच्या दाराने निघाले होते, पण दुधनीच्या जीपवाल्यांनी त्यांना अडवलं आणि पोलीस येईपर्यंत खुर्चीत बसवून ठेवलं. खुर्ची लाल, नवरदेवाची.

आता तरी सगळे शहाणे झाले असतील, असं वाटेल. छे! हातपाय धुवायच्या जागेशी दोघे गृहस्थ गंभीरपणे बोलत होते, की शिष्य लबाड निघाला, पण महाराजांच्या हातात काहीतरी होतं हो. अशा माणसांना काय म्हणावं? डोळ्यांसमोर लॅपटॉप ठेवला, तरी ते त्याला हळद-कुंकू वाहतील. ज्यांना फसायचंच आहे त्यांची चिंता करून उपयोग नाही. पण ज्यांना नुसती भीती घातली गेली आहे, त्यांना हात धरून आतल्या खोलीपर्यंत नेणं हे आपलं काम आहे. चमत्कार दाखवणारा समोरून काय दाखवतो ते बघू नका. तो काय बघू देत नाही, ते विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून कीबोर्डच काय, अंगाराही घेऊ नका.

पुढच्या आठवड्यात खाजाभाई समराला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेले. टेम्पोत नवी क्लच प्लेट बसली होती आणि चाकं मजेत फिरत होती. दुकानदाराने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे तीन कीबोर्ड मांडले आणि मधल्यावर हात ठेवून म्हणाला, “हा घ्या साहेब. ह्याचा योग लई चांगलाय, नशीब काढलेलं मॉडेल हाय.”

“योग ऱ्हाऊ द्या,” खाजाभाई म्हणाले. “आधी ह्यो उलटा करा. माझी पोरगी मागनं बघणार, मग पट्ट्या दाबणार, मग निवडणार.”

दुकानदाराने कीबोर्ड उलटा केला.