घाट उजेडातच हवा

आमच्या दातिवऱ्यात डोंगर म्हणजे बोटीवरून किनारा ओळखायची खूण, बस. त्यात जाऊन बघण्यासारखं काही असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. फक्त माझ्या आईच्या आलं. बोंबील वाळत घालता घालता ती एकदा म्हणाली, "मोबाइलमदी बघते ना गो, गाडी बोगद्यातून निंगते आनी बाजूला ह्यो एवढा धबधबा. तसं येकदा बघायचं हाय." पुढे लगेच कावळे हाकलायला लागली. पण मी ते वाक्य पकडून ठेवलं.

बाबांना पटवायला मला दोन जेवणं पुरली. बाबा म्हणजे कमलाकांत तांडेल. बोटीवर तांडेल म्हणेल तशी बोट वळते, सात खलाशी त्यांचा शब्द झेलतात. एक जूनला मासेमारी बंद होते, पण बाबांचं काम थांबत नाही: बोट वर ओढायची, जाळी दुरुस्त करायची, इंजिन खोलायचं. त्यातून मला सतरा ते वीस जून असे चार दिवस मिळाले.

"याच्या म्होरं-मागं येक दिवस नाय," बाबा म्हणाले. "इंजिनवाला येनार हाय."

"चालेल. पण या प्रवासाची तांडेल मी."

बाबा हसले. "तांडेल व्हायचं तर येक ध्यानात ठेव. जालं चुकीच्या जागी पडलं, तर तांडेलानं पयलं आपल्या तोंडानं सांगायचं. खलाशी सांगतील म्हनून वाट बघायची नाय."

"माझं जाळं चुकीच्या जागी पडणारच नाही!"

फार ऐटीत म्हटलं मी हे, कबूल करते. दोष जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाचा. त्याआधी हजेरी देताना पण घाम फुटायचा मला. पण त्या दिवशी सूत्रसंचालन करताना माइक बंद पडला आणि नववी ब ची ही उन्नती तशीच ओरडून बोलत राहिली, शेवटच्या रांगेपर्यंत. तेव्हापासून मला थांबवणं जरा अवघडच आहे.

बेत असा: वसईहून कोकण रेल्वेने मडगाव. वेळा मला उत्कर्षाने दिल्या. ती माझी वर्गमैत्रीण, तिचे बाबा बोईसरला कारखान्यात. डिसेंबरात सुट्टी मिळाली की त्यांचं सगळं घर फिरायला जातं. तिच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. तीन वाजता चिपळूण, साडेचारला रत्नागिरी. म्हणजे घाट, पूल, धबधबे, सगळं भर उजेडात!

आई ऐकत होती. म्हणाली, "पन ती थंडीत गेलती. पावसाल्यात गाडी त्याच टायमाला येते का गो?"

"आई, रेल्वे आहे ती, बोट नाही. रुळांना भरती-ओहोटी नसते."

साठ दिवस आधी बुकिंग उघडतं. अठरा एप्रिलला सकाळी मी आणि बाबा पालघरच्या खिडकीवर पहिल्या पाचात होतो. जायची तीन तिकिटं मिळाली. संध्याकाळी कौतुकाने तिकीट बघत बसले, तर गाडी सुटायची वेळ वेगळी. मोबाइलवर शोधलं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं. दरडी कोसळायची भीती असते, म्हणून गाड्या हळू चालवतात. आमची गाडी चिपळूणला पोचणार साडेसातला. रत्नागिरी नऊ.

डिसेंबरात फिरणाऱ्यांच्या वेळा घेऊन मी जूनमध्ये निघाले होते! आमचं अख्खं गाव सुट्टी घेतं तेच मुळी पावसात, आणि हे मलाच सुचू नये?

गप्प बसावं, असं पाच मिनिटं वाटलं. आईला गाडीत बसेपर्यंत कळलंच नसतं. मग उठले आणि अंगणात गेले.

"बाबा, आई, माझं जाळं चुकीच्या जागी पडलं. गाडी उशिरा जाते. घाट काळोखात येणार."

आईचे हात थांबले. "म्हंजे बोगद्यातबी काळं आनी भायेरबी काळं?" ती हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. "जाऊ दे गो. मडगाव तरी बघू."

बाबा रागावले असते तर परवडलं असतं. पण ते म्हणाले, "मंग? आता हुकूम काय?"

हुकूम! खलाशी विचारतात तसं विचारलं त्यांनी. माझं डोकं एकदम चालायला लागलं. परतीचं बुकिंग अजून उघडायचं होतं. जायची गाडी दिवसाची आणि यायची रात्रीची, हे मीच ठरवलेलं. मग उलटं केलं तर? लगेच मोबाइलवर पावसाळी वेळा पुन्हा पुन्हा तपासल्या.

"हे तिकीट रद्द. जाताना रात्रीची गाडी, झोपून जायचं. वीस तारखेला पहाटे मडगावहून निघायचं. पावसाळी वेळापत्रकात रत्नागिरी दहाला आहे, चिपळूण बाराला. मी तीनदा बघितलं."

"चौथ्यांदा बघ," बाबा म्हणाले.

बघितलं. दुसऱ्या दिवशी जायचं तिकीट बदललं. एकवीस एप्रिलला परतीची तीन तिकिटं काढली, त्यातली एक जागा खिडकीची. ती कुणाची, यावर घरात चर्चा झाली नाही.

त्या दुपारी मी आत अभ्यास करत होते. बाहेर आई शेजारच्या मंदामावशीला सांगत होती, "जाताना झोपायचं, येताना बघायचं. आमच्या उन्नतीनं मुद्दाम तसं ठेवलंय."

"मुद्दाम नाही!" मी खिडकीतून ओरडले. "आधी चुकलं होतं, मग दुरुस्त केलं!"

मंदामावशी एवढी हसली की तिच्या हातातली सुपली हलली. "सांगते तरी! आमच्या घरची मानसं चुकली तर पोर्निमेपर्यंत तोंड उघडत नाय. उन्नती, आमची पन दोन तिकिटा काढ गो त्याच गाडीची."

"आधार कार्ड घेऊन ये, मावशी," मी म्हटलं. "आणि वय खरं सांग."