दोन चमचे साखर, एक चिमूट मीठ

जे झालं त्याला उस्ताद सरवत जबाबदार आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला मध्येच थांबवून 'पण त्यांचा हेतू वाईट नव्हता' असं ऐकवायला नको. हेतू मला माहीत आहे. मी त्यांच्याच दिवाणखान्यात राहतो.

मी एक जुना कॉम्प्युटर बोलतोय. पोर्ट सईदच्या युसरीचा. आता अंगावर विणलेलं पांढरं कापड आहे, कापडावर फुलदाणी, फुलदाणीत प्लास्टिकचे गुलाब. वायर गुंडाळून मागे कोंबलेली. वाईट वाटतं का म्हणाल, तर नाही. वाटायलासुद्धा वीज लागते.

जन्म कुठला ते नीट आठवत नाही. युरोपातल्या कुठल्याशा कचेरीत होतो. तिथली माणसं मला कंटाळली आणि मी कंटेनरमध्ये पडलो. आमच्या बंदरात जुने कोट, जुने बूट आणि जुने कॉम्प्युटर एकाच जहाजातून उतरतात, एकाच फुटपाथवर मांडले जातात. तिथून मला हाज नबीहनं उचललं. हाज नबीह म्हणजे युसरीचा बाप. बाजारात त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. चार पैशांसाठी तासभर हुज्जत घालणारा माणूस, पण त्या दिवशी घासाघीस केली नाही. विकणाऱ्याला म्हणाला, "इंजिनिअरसाठी नेतोय. चांगला दे."

युसरी तेव्हा नुकता इंजिनिअरिंग कॉलेजात गेला होता. पहिलं लेक्चर संपून घरी येईपर्यंत गल्ली त्याला इंजिनिअरसाहेब म्हणायला लागली होती. न्हावी म्हणायचा, इस्त्रीवाला म्हणायचा. आई इन्शिराह तर भांडतानाही म्हणायची, "इंजिनिअरसाहेब, मोजे उचला तेवढे, की त्याला पण नकाशा लागतो?" आमच्याकडे पदवी आधी लावतात, मिळते की नाही ते मागाहून बघतात.

माझ्या कळांवर परदेशी अक्षरं होती. हाजनं अरबी अक्षरांचे चिकटणारे तुकडे आणले. चष्मा लावून, जीभ दातांत धरून, चिमट्यानं एकेक चिकटवला. झालरी जुळवणारा हात तो. एकही अक्षर वाकडं बसलं नाही.

दुसऱ्या वर्षी युसरीनं कॉलेज सोडलं. का सोडलं? प्राध्यापक स्वतःचं पुस्तक पोरांना विकायचा आणि त्यातलीच पानं वर्गात वाचून दाखवायचा. पुढच्या बाकावरची पोरं माना डोलवायची. युसरीला तिथे बसलं की गुदमरायला व्हायचं. एक दिवस तो गेलाच नाही. घरी मात्र बोलला नाही.

कॉलेज कालव्याच्या पलीकडे, पोर्ट फुआदला. पलीकडे नेणारी फेरीबोट फुकट असते. रोज सकाळी हाज दारात उभा राहून वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन सँडविचं पोराच्या पिशवीत टाकायचा. आत घेवड्याची गरम भजी. आणि रोज तेच वाक्य, "हे इंजिनिअरसाहेबाच्या पोटाला, हे त्याच्या डोक्याला." युसरी बोटीत चढायचा. पलीकडे सगळे उतरायचे, हा उतरायचा नाही. बोट अलीकडे यायची, हा बसलेलाच. परत पलीकडे. पोटाचं सँडविच खायचा, डोक्याचं तुकडे करून कुरव पक्ष्यांना घालायचा. कॉलेज सुटायच्या सुमाराला घरी. "कसं झालं?" "बरं झालं."

हे सगळं मला माहीत, कारण त्यानं ते माझ्यावर टाइप केलं. तोंडानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग त्यानं ब्लॉग सुरू केला, टोपणनावानं. आधी वाचायला कुणी नव्हतं, मग हळूहळू चारजण आले. असिऊतची एक नर्स होती, 'खिडकी' या नावानं लिहायची. कैरोचा एक टॅक्सीवाला होता, गिऱ्हाइकांच्या गप्पा लिहायचा. ही माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण कुणाच्या दाढेला कळ लागलीय ते सगळ्यांना माहीत असायचं.

स्पर्धेची कल्पना युसरीची. नाव ठेवलं 'दोन चमचे साखर'. ब्लॉग लिहिणाऱ्या कुणीही यावं. विषय एक, लेख एक. लेखावर नाव नाही, नुसता क्रमांक. बक्षीस असं की जिंकेल त्यानं पुढच्या खेपेचा विषय द्यायचा. खरी गंमत नियमात होती. भाग घेणाऱ्यानं बाकीच्यांचे लेख वाचायचे आणि प्रत्येकाखाली तीन ओळी लिहायच्या, दोन गोड आणि एक खरी. दोन चमचे साखर, एक चिमूट मीठ. मीठ घातलं नाही तर तुमचा लेख बाद.

आमच्याकडच्या माणसाला हे फार जड जातं. इथे यजमानानं खारट भात वाढला तरी पाहुण्यानं 'हात सलामत राहोत' म्हणून दुसऱ्यांदा घ्यायचा असतो. टॅक्सीवाल्यानं कळवलं, "बाबा रे, मीठ घालताना माझे हात थरथरतायत. मागच्या सीटवरून आई बघतेय असं वाटतं." खिडकीनं उत्तर दिलं, "मी रोज सुया टोचते. शिकवते तुला."

तो महिना बरा गेला. माझा पंखा सतत घरघरायचा. युसरी जेवणाचं ताट माझ्या शेजारी आणायचा, कळांवर टोमॅटो सांडायचा. इन्शिराह दारातून म्हणायची, "बघा, किती अभ्यास करतोय माझा राजा."

या खेपेचा विषय होता 'रोजची सकाळ'. मित्रांनी युसरीला धरलं, संयोजकानं नुसतं वरून बघत बसायचं नाही, तूही लिही. त्यानं लिहिलं. बोट, पक्षी, दोन सँडविचं, बापाचं ते वाक्य. सगळं जसंच्या तसं. क्रमांक टाकून बाकीच्या लेखांत सोडून दिलं.

इथे उस्ताद सरवत आले.

निवृत्त शिक्षक. शहरातल्या साहित्य मंडळाचे अध्यक्ष. किती वर्षं, ते मंडळालाही आठवत नसेल. युसरीला शेवटी एका संध्याकाळी सगळ्यांना बोलावून लेख वाचायचे होते. मंडळाचा हॉल फुकट मिळत होता, पण वडीलधारं नाव हवं. इन्शिराहनंच सुचवलं, "उस्तादांना सांग. न्हाव्याकडे तुझ्या बाबांच्या बाजूच्या खुर्चीत दाढी करतात ते." उस्ताद घरी आले, माझ्यासमोर बसले आणि चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे बघायला लागले.

"हे सगळं यात आहे?"

"हो, उस्ताद. इथे क्लिक केलं की लेख उघडतो."

"मी यावर वाचत नाही, बेटा. काच चाटून पोट भरतं का? कागदावर दे."

"आणि उस्ताद, नियम असा आहे की प्रत्येकाबद्दल एक खरी गोष्ट..."

"नवोदितांना उत्तेजन द्यायचं असतं. सगळे उत्तम आहेत."

"तुम्ही अजून वाचले नाहीत."

"वाचायचं कशाला? उत्तमच असणार. फक्त लिहिणारे कोण कोण ते सांग, म्हणजे त्यांच्या घरच्यांना कळवता येईल. अभिनंदन दारात जाऊन करायचं असतं. ही काय पद्धत, क्रमांकाला कसलं अभिनंदन?"

"नावं सांगायची नाहीत, उस्ताद. तसा शब्द दिलाय सगळ्यांना."

उस्ताद हसले. पोर बोलायला लागलं की म्हातारी माणसं जसं हसतात तसं. युसरीनं सगळे लेख छापून दिले, स्वतःचाही. काढून ठेवता आला असता. पण त्याला वाटलं, उस्ताद वाचत नाहीत, चाळतात. इथे तो चुकला. उस्ताद वाचत नाहीत हे खरंच. पण ओळखायला वाचावं लागत नाही.

दरम्यान युसरीच्या लेखाखाली ओळी येत होत्या. खिडकीच्या तीन मला अजून पाठ आहेत. "पक्ष्यांना भरवणारा मुलगा मला आवडला. बोट वळते ती जागा आवडली. मीठ: हे खरं असेल, तर ते आधी ऐकायचा हक्क बापाचा आहे, माझा नाही."

युसरीनं ती ओळ दोनदा वाचली. मग त्यानं नवीन पान उघडलं आणि लिहिलं, 'बाबा, एक सांगायचंय.' पुसलं. 'बाबा, रागवू नका.' पुसलं. 'बाबा, मी कॉलेजात जात नाही.' हे ठेवलं. शुक्रवारी नमाजानंतर हाज गॅलरीत संत्री सोलत बसतो. आठवड्यात तेवढाच वेळ तो बसतो. तेव्हा सांगायचं, असं त्यानं ठरवलं. खिडकीला कळवलंही. तिनं लिहिलं, "संत्रं हातात असताना सांग. हात गुंतलेला बाप ऐकून घेतो."

उस्ताद हाजच्या दुकानात गेले ते गुरुवारी. शुक्रवारच्या आदल्या दिवशी.

दुकानात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण ऐकलंय इतक्यांदा, की पाहिल्यासारखंच आहे. उस्ताद प्रत्येक पाहुण्याला माझ्या कापडावर हात ठेवून सांगतात.

"मी पहिल्या पानावर ओळखलं हो! 'हे पोटाला, हे डोक्याला.' हे वाक्य हाज नबीह न्हाव्याकडे रोज ऐकवतो. म्हटलं, अरे, हा तर आपला युसरी! पाकात मुरलेला किलोभर बसबुसा घेतला आणि थेट दुकानात. चांगली दोन-चार गिऱ्हाइकं होती, बायका पडदे बघत होत्या. म्हटलं, हाज, तोंड गोड कर! तुझ्या पोरानं काय कल्पना लढवलीय! कॉलेज सोडलेला मुलगा, दिवसभर बोटीत बसतो, बापाला पत्ता नाही! वाटावं की खरंच घडलंय! आणि मी सगळा लेख मोठ्यानं वाचून दाखवला. आवाज अजून आहे माझा. शेवटपर्यंत दुकानात कुणी हललं नाही. हाजच्या डोळ्यांत पाणी हो! अभिमानानं!"

मग ते गप्प होतात, पाहुण्यानं 'वा' म्हणावं म्हणून. पाहुणे म्हणतात. उस्तादांची बायको मान खाली घालून पेले उचलते.

त्या संध्याकाळी हाज लवकर घरी आला. युसरी माझ्यासमोर बसला होता. हाज दारात उभा राहिला. हातात मिठाईचा खोका तसाच, दोरा न सोडलेला. ओरडला नाही. शिव्या नाहीत, चप्पल नाही. एवढंच विचारलं,

"दोन्ही घालायचास?"

युसरीला कळायला वेळ लागला. "नाही, बाबा. एकच. डोक्याचं."

हाजनं मान हलवली. खोका टेबलावर ठेवला आणि गेला.

शुक्रवारी त्यानं संत्री सोलली नाहीत. शनिवारी सकाळी दारात सँडविच नव्हतं. इन्शिराहनं पोराला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं, "कॉलेज सोडलंस ते त्यानं पचवलं असतं रे. रडला असता, आदळआपट केली असती, मग तुला दुकानात घेतलं असतं. पण त्याला ते गिऱ्हाइकांबरोबर ऐकावं लागलं. नि वर मिठाई पण घ्यावी लागली."

"मी सांगणार होतो, आई. कालच सांगणार होतो."

"आता ते कुणाला सांगतोस?"

हॉलमधली संध्याकाळ झालीच नाही. निकाल लागला नाही. टॅक्सीवाला विचारत राहिला, "अरे, जिंकलं कोण?" खिडकीनं एकदाच विचारलं, "सांगितलंस?" युसरीनं वाचलं आणि मला बंद केलं. नंतर मी तिथे चालू झालो नाही.

हाजनं मला उस्तादांकडे पाठवून दिलं. हमालाबरोबर निरोप एवढाच, की घरी आता लागणार नाही. उस्तादांना ती भेट वाटली. कापड विणून घेतलं.

युसरी आता दुकानातच असतो. लोकांच्या घरी शिड्या लावून पडदे टांगतो. परवा एका पाहुण्यानं उस्तादांना विचारलं, "तो मुलगा काय करतो हो सध्या?"

"बापाच्या हाताखाली आहे. कॉलेज सोडलं म्हणे. काय करणार, आजकालच्या पोरांत दमच नाही." आणि बसबुसा पुढे केला.

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. लेख खरा होता, हे ठाऊक आहे. तरी पुढच्या पाहुण्याला ते तीच गोष्ट त्याच आवाजात सांगतील, 'अभिमानानं' सुद्धा.

मला कुणी चालू करावं अशी माझी मागणी नाही. कळांवरचे तुकडे उन्हानं सुटायला लागलेत, सुटू देत. मागायचंच असेल तर एवढं मागतो. तुमच्या घरातलं, शेजारचं एखादं पोर नाव न घालता काही लिहीत असेल, तर ओळखलंत तरी ओळख दाखवू नका. मिठाई घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका. त्याला थोडा वेळ द्या. शुक्रवारपर्यंत.

युसरीचं काय गेलं ते सांगतो आणि थांबतो. इन्शिराह एकदा इथे आली होती, उस्तादांच्या बायकोला सांगत होती, ते ऐकलंय. हाज दुकानात त्याच्याशी बोलतो ते नोकराच्या तोंडून, घरी तिच्या तोंडून. इंजिनिअरसाहेब म्हणणं त्या गुरुवारी बंद झालं. युसरी अशी हाक त्यानं अजून मारलेली नाही.