पिना मारलेला धडा

नवी पुस्तकं कॉन्व्हेंट शाळेत गठ्ठ्यांनी यायची, आणि विज्ञानाचं पुस्तक मुलींच्या हातात पडण्याआधी मोठ्या सिस्टरांच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, ऑफिसातून फिरून यायचं. परत यायचं तेव्हा त्यातल्या एका धड्याला तिन्ही कडांनी स्टेपलरच्या पिना मारलेल्या असायच्या. तो प्रजननाचा धडा. पानांची नळी करून, एक डोळा मिटून आत बघायचा प्रयोग प्रत्येक मुलीने कधी ना कधी केलेला होता. दिसायचं काय, तर अर्धी आकृती आणि 'पुढीलपैकी' हा शब्द. त्यावर मुली पोट धरून हसायच्या आणि पुढच्या धड्याकडे वळायच्या.

वकीलही हसायची. वकील म्हणजे दहावीची वर्गप्रमुख. कशालाही 'का' विचारायची म्हणून हे नाव पडलं होतं, आणि आता सिस्टरसुद्धा विसरून तिला त्याच नावाने हाक मारायच्या. तिची आई सरकारी इस्पितळात नर्स होती. ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची, म्हणून मुलगी शाळेच्या वसतिगृहात.

एका सकाळी प्रार्थनेला चॅपलमध्ये चिमणी दिसली नाही. चिमणी ही वसतिगृहातली सगळ्यात लहान चणीची मुलगी, सातवीतली, एरवी प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसणारी. सिस्टरांनी तिला शोधायला वकिलीला पाठवलं. चिमणी सापडली न्हाणीघरात, शेवटच्या नळाखाली. युनिफॉर्मचा स्कर्ट साबणाने घासत होती आणि हुंदके गिळत होती.

"काय झालं गं?"

"मी मरणार आहे," चिमणी म्हणाली. "माझी रंगपेटी धाकट्या बहिणीला द्या."

वकिलीने तिच्याजवळ उकिडवं बसून हळूहळू सगळं काढून घेतलं. कालपासून रक्त जात होतं. चिमणीने कन्फेशनमध्ये, पापांची कबुली देताना, फादरना एक गोष्ट सांगायची टाळली होती, मैत्रिणीचं खोडरबर लपवल्याची, आणि देवाने त्याचीच शिक्षा दिली अशी तिची खात्री होती. रात्रभर ती गादीच्या कडेला जागी होती. कुणाला सांगितलं तर घरी पाठवतील आणि आईला वाईट वाटेल, म्हणून गप्प राहिली होती.

"खोडरबराचा आणि याचा काही संबंध नाही," वकील म्हणाली. "ही पाळी आहे. मला येते, माझ्या आईला येते. मोठ्या सिस्टरांनाही येत असणार, निदान पूर्वी."

शेवटचं वाक्य ऐकून चिमणीचे डोळे एवढे मोठे झाले की ती रडायची थांबली. वकिलीने तिला कोरडे कपडे दिले, पॅड कसं लावायचं ते दाखवलं. तिचं काम झालं. पण स्वतःच्या वर्गात येऊन बसली तेव्हा तिची कानशिलं तापली होती. रात्रभर एक पोर आपण मरतोय असं समजून एकटी पडून राहते, आणि त्याच खोलीत आपण घोरत असतो. हे तिला काही केल्या गिळवेना.

विज्ञानाच्या बाई वर्गात आल्या. त्या सिस्टर नव्हत्या. बाहेरून, सायकलवरून यायच्या. बोलायला मऊ, पण अधिकाऱ्यांपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

वकील उभी राहिली. "बाई, पिना मारलेला धडा कधी घेणार?"

पुढच्या बाकांवरच्या मुली मागे वळून बघायला लागल्या.

"तो घरी वाचायचा असतो," बाई म्हणाल्या.

"आम्ही वसतिगृहातल्यांनी कुठल्या घरी वाचायचा?"

बाईंनी खडू हातात फिरवला. मग वकिलीने कंपासपेटीतला कर्कटक काढला, त्याचं टोक पहिल्या पिनेखाली घातलं आणि ती उचकटली. मग दुसरी. सगळ्या वर्गाला तो आवाज ऐकू येत होता. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, जणू बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललं होतं. थांब मात्र म्हणाल्या नाहीत.

शनिवारी दुपारी, कपडे वाळत घालायच्या गच्चीवर, ओल्या चादरींच्या आडोशाला वकिलीने शाळा भरवली. सहावी-सातवीच्या मुली मांडी घालून बसल्या. तिने पुस्तकातली आकृती खडूने फरशीवर मोठी करून काढली. हे गर्भाशय, हे अंडाशय, हे असं होतं म्हणून रक्त येतं. एकीने विचारलं, हे बकरीच्या डोक्यासारखं का दिसतं. दुसरीने विचारलं, दुखतं का. वकील जे माहीत होतं ते सांगत होती आणि जे माहीत नव्हतं ते "आईला विचारते" म्हणत होती.

तेवढ्यात चादर बाजूला झाली. मोठ्या सिस्टर उभ्या होत्या.

चिमणी पटकन सरकून बरोबर आकृतीवर जाऊन बसली. पण आकृती चिमणीहून मोठी होती.

"हे काय चाललंय?"

"विज्ञान, सिस्टर," वकील म्हणाली.

मोठ्या सिस्टर कधी आवाज चढवत नसत. त्यांनी मुलींना खाली पाठवलं आणि वकिलीला एवढंच सांगितलं की सोमवारी सकाळी सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. नाही मागितली तर वसतिगृहातली खाट रिकामी करायची.

रविवारी सिस्टरांनी वकिलीच्या आईला बोलावून घेतलं. ती ड्यूटी संपवून तशीच आली होती, पांढऱ्या गणवेशात, डोळे तारवटलेले. मायलेकी पाहुण्यांच्या खोलीत समोरासमोर बसल्या.

"मागून टाक माफी," आई म्हणाली. "दहावीचं वर्ष आहे. चार शब्द बोलायचे आणि मोकळं व्हायचं. तुला इथून काढलं तर मी ड्यूटीवर जाताना तुला कुणाच्या भरवशावर ठेवू?"

"आई, तूच सांगतेस ना, बायका वॉर्डात येतात आणि कुठे दुखतं विचारलं की मान खाली घालून नुसतं 'तिथे' म्हणतात. एवढ्या मोठ्या बायका. त्यांना कुणी शब्दच दिला नाही, म्हणून."

"मी तुला ते भांडायला नव्हतं सांगितलं."

"मग कशाला सांगितलंस?"

आईने लेकीची सुटलेली वेणी हातात घेतली आणि घट्ट घालायला लागली. "काय बोलायचं ते बोल," ती म्हणाली. "पण रडत बोलू नकोस. आणि ओरडूही नकोस. खाटेचं मी बघते काय करायचं ते."

सोमवारी हॉल भरलेला होता. प्रार्थना झाली, गाणं झालं. वकील माइकसमोर उभी राहिली.

"शनिवारी मी गच्चीवर खडूने चित्र काढलं," ती म्हणाली. "गच्ची घाण केली. पुसणाऱ्या मावशींना त्रास झाला. त्याबद्दल मी माफी मागते." तिने श्वास घेतला. "मुलींना शिकवलं, त्याबद्दल मागत नाही. आमच्यातली एक मुलगी रात्रभर आपण मरणार म्हणून जागी होती. तो धडा उघडा असता तर ती झोपली असती."

"जागेवर जा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

ती जायला वळली, आणि मागे शिक्षकांच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक, हात पदरात गुंडाळलेले.

"सिस्टर, तो धडा मी शिकवायला हवा होता," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवला नाही. मुलीला काढणार असाल तर आधी मला काढा. नाहीतर मी उद्या शिकवते."

मोठ्या सिस्टरांनी बाईंकडे पाहिलं, मग समोरच्या सगळ्या रांगांकडे. मग त्यांनी मुलींना वर्गात जायची खूण केली.

दुपारी त्यांनी वकिलीला ऑफिसात बोलावलं. "खाट राहील," त्या म्हणाल्या. "पण मी माफी मागायला सांगितली होती आणि तू भाषण केलंस. वर्गप्रमुखाचा बिल्ला काढून ठेव." वकिलीने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "उद्या धडा होईल. मी मागच्या बाकावर बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच येऊन बसल्या, रोझरीची माळ मुठीत धरून. बाईंनी फळ्यावर आकृती काढली, पण पहिला शब्द घशातच अडकला. दुसऱ्यांदा तो इतक्या हळू आला की पुढच्या रांगेलाही नीट ऐकू गेला नाही. कुणीतरी खुदकन हसलं.

"हसायचं असेल तिने बाहेर जावं," मागून मोठ्या सिस्टरांचा आवाज आला. मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि बाई, मोठ्याने सांगा. इथे मागे काही ऐकू येत नाही."

बाईंनी 'गर्भाशय' हा शब्द मोठ्याने सांगितला. मग वर्गाकडून म्हणवून घेतला. मुली आधी पुटपुटल्या, मग सूर लागला, आणि शेजारच्या वर्गातल्या मुली दारातून डोकावायला लागल्या.

पुढच्या वर्षी नवी पुस्तकं आली ती पिना न मारता. बिल्ला मात्र वकिलीचं दहावीचं वर्ष संपेपर्यंत ऑफिसातल्या खणातच होता. त्या वर्षात मोठ्या सिस्टरांनी एकदा सुचवलं होतं की आता नीट माफी मागितलीस तर परत देते.

"नको, सिस्टर," वकील म्हणाली, आणि गच्चीवर वाळलेल्या चादरी काढायला गेली.