सोनाबाईचा नवरा

माझी आई त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून रोज सकाळी रुपयाएवढं कुंकू लावते. माझे वडील, आनंदराव फडतरे, एकेचाळीस साली फौजेबरोबर सिंगापूरला गेले, सप्लायच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून. पुढच्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, ते जपान्यांच्या हाती सापडले आणि त्यानंतर त्यांची काही खबर नाही. मी तेव्हा दीड वर्षाची होते. वडिलांचा चेहरा मला आठवत नाही. आईच्या कुंकवाचा राग मात्र मला कळायला लागल्यापासून आहे.

रागाला कारण आहे. मी साठ साली रहिमतपूरच्या टपाल कचेरीत लागले. तिथल्या कोंडिबा पोस्टमननं मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगितलं, "सेहेचाळीस साली तुझ्या आईच्या नावानं दिल्लीहून रजिस्टर आलं होतं, पोरी. तिनं अंगठाच पुढं केला न्हाई. मी 'घेण्यास नकार' लिवून परत धाडलं." मी घरी जाऊन विचारलं, तर आई म्हणाली, "कसलं रजिस्टर? मला काय ठावं न्हाई." आणि भाकरी थापायला बसली.

अडतीस वर्षं मी टपाल खात्यात काढली. पत्र ज्याचं त्याला पोचलं पाहिजे, मग ते बारशाचं असो की मयताचं, एवढाच माझा धर्म. आणि माझ्याच घरात एक पत्र न पोचता परत गेलेलं. लहानपणी पोरं विचारायची, तुझा बाप हाय का न्हाई, एक काय ते सांग. मला सांगता यायचं नाही. आई मात्र गावातल्या प्रत्येक लग्नात हळदीला पहिलं बोट लावायला पुढे. आताही डिसेंबरात निशिकांतच्या, म्हणजे आई ज्याच्या घरी राहते त्या माझ्या चुलतभावाच्या, मुलीचं लग्न होतं आणि हळकुंड आधी सोनाआजीच्याच हातात द्यायचं, हे ठरून गेलेलं होतं.

म्हणून माझा मुलगा सुयश सिंगापूरच्या बँकेत लागला आणि दोन हजार सहाच्या जूनमध्ये त्यानं मला बोलावलं, तेव्हा मी एक काम मनाशी धरूनच निघाले. आईचा निरोप घेताना तिला विचारलंही, "तिकडं काही चौकशी करू का?"

"कसली चौकशी? कुंकू चांगलं मिळतं म्हनं तिकडं. डबी आन."

सुयशचा फ्लॅट सेंगकांगला, चौदाव्या मजल्यावर. पहिले पंधरा दिवस मी भाजी आणायला सून भार्गवीबरोबर एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, लिटिल इंडियाला जात होते. कुंकवाच्या दुकानावरून तीनदा गेले, पण डबी घेतली नाही. आधी काम, मग कुंकू.

भार्गवी वन-नॉर्थला, तिथल्या प्रयोगशाळांच्या वसाहतीत, संशोधनाचं काम करते. मुलगी गुणी आहे, फक्त प्रत्येक गोष्टीचं बुकिंग करते. तिनं एका दिवसाची सहल शोधली. सकाळी चांगीचं युद्धकैद्यांचं म्युझियम, दुपारी क्रांजीचं स्मारक, मध्ये जेवण, बसला एसी. तिनं रजा टाकली आणि आम्ही दोघी निघालो.

बसमध्ये ऑस्ट्रेलियातून आलेली वीसेक म्हातारी माणसं होती. गाइड सेल्वम नावाचे निवृत्त मास्तर, इथलेच तमिळ. हातात मिटलेली छत्री, तिनंच सगळं दाखवायचे. चांगीला कैद्यांनी डब्यांच्या पत्र्यापासून केलेल्या वस्तू पाहिल्या, लपवलेल्या डायऱ्या पाहिल्या. माझे पाय थांबले ते एका पोस्टकार्डापाशी. कैद्यांना मोजके शब्द लिहायची परवानगी होती, तेही कधीमधी. 'मी ठीक आहे, काळजी करू नये' अशा बेतानं एकानं इंग्लंडला लिहिलेलं. शिक्के नीट उमटलेले होते. आमच्या घरी असलं एकही कार्ड आलं नाही.

तासभर फिरले, पण फोटोंत सगळे गोरेच. शेवटी माझं डोकं फिरलं. मी सेल्वमना माझ्या टपालातल्या इंग्रजीत विचारलं, "आमचे लोक कुठे होते?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, हिंदी सैनिकांना वेगळं काढलं. सगळ्यांना आधी फेरर पार्कच्या मैदानावर बोलावलं, मग इकडच्यातिकडच्या छावण्यांत वाटलं. काही आझाद हिंद सेनेत गेले. जे गेले नाहीत, त्यांतल्या पुष्कळांना जहाजात घालून लांबच्या बेटांवर हमालीला नेलं. आपले वडील?"

"तेच तर शोधायला आलेय."

भार्गवी हळूच म्हणाली, "अहो आई, फेरर पार्क म्हणजे आपलं स्टेशन. लिटिल इंडियाच्या आधीचं." म्हणजे हातात दुधीभोपळा आणि कढीपत्ता घेऊन मी त्या मैदानाशेजारून जाऊन-येऊन होते. मला स्वतःचीच चीड आली.

क्रांजीला उतरलो तेव्हा दोन वाजले होते. उतारावर हिरवळ, पांढऱ्या दगडांच्या रांगा आणि ऊन असं की पदर डोक्यावर घेऊनही टाळू भाजत होती. वर, टेकाडावर जाड भिंतींवर नावं कोरलेली आणि त्यांच्यावर विमानाच्या पंखासारखं लांबच लांब छप्पर. ज्यांची कबर सापडली नाही, त्यांची ही नावं. आत शिरल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं.

नावांच्या याद्यांची पुस्तकं स्मारकात ठेवलेली असतात. सेल्वमनी त्यांतलं एक काढलं आणि आमच्या सप्लायवाल्यांचं पान उघडून दिलं. "वीस मिनिटं आहेत, मॅडम. मी बस थांबवतो." मी चष्मा पुसला. आयुष्यभर याद्यांवरून बोट फिरवलंय, मला वीस मिनिटं लागत नाहीत. फडतरे दोन होते. पहिला कुणी भलताच. दुसऱ्यापुढे लिहिलं होतं: आनंदराव, ड्रायव्हर, मृत्यू अकरा मार्च एकोणीसशे चव्वेचाळीस, वय सव्वीस. आणि पुढे बारीक अक्षरात आमच्या गावाचं नाव, जिल्हा सातारा, आणि: सोनाबाईचा नवरा.

माझ्या आईचं नाव सातारच्या दवाखान्यात आणि रेशनकार्डावर सोडून मी कुठे छापलेलं पाहिलं नव्हतं. ते इथे होतं. मला रडू आलं. डोळे पुसले नाहीत, हे भार्गवीनं रुमाल दिला तेव्हा कळलं.

भिंतीवरचं नाव शोधायला थोडं वर बघावं लागलं. भार्गवीनं फोटो काढला. माझे वडील सव्वीस वर्षांचे आणि मी सहासष्टची, त्यांची आई शोभले असते. मी दगडाला हात लावला. तो गार होता.

परतीच्या बसमध्ये भार्गवीनं विचारलं, "आजींना सांगणार?"

"म्हणजे काय? त्यासाठीच तर आले."

"डिसेंबरात लग्न आहे."

"असू दे की."

मला तिचा राग आला, कारण हाच विचार माझ्याही डोक्यात चालला होता. आमच्याकडे परगावच्या मरणाचं सूतक ते कानावर पडतं तेव्हा लागतं. वर्ष उलटून गेलं असेल, तर डोक्यावरून आंघोळ केली की फिटतं. म्हणजे गावाच्या हिशेबानं माझे वडील अजून जिवंतच होते. मी सांगितलं की मरणार, आणि आई त्याच दिवशी विधवा होणार, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी.

घरी येऊन मी न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आले तर भार्गवी म्हणाली, "ऊन लागलं का?" मी म्हटलं, "नाही. सूतक फेडलं." मग ओल्या केसांनीच फोनपाशी बसले. आमच्याकडे तेव्हा अडीच वाजले असणार, आई जेवण आटोपून पडवीत बसलेली असते. फोन तिनंच उचलला.

"आई, विमल बोलतेय. आज मी फौजेतल्या लोकांची नावं आहेत तिथं गेले होते."

"बरं."

"त्यांचं नाव सापडलं."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, निशिकांतची बायको घासत असावी.

"आई, ऐकतेस ना? चव्वेचाळीस साली, मार्च महिन्यात..."

"मला फोनवर ऐकू येत न्हाई," आई म्हणाली.

आईला तीन गल्ल्या पलीकडून दूधवाल्याची सायकल ऐकू येते. मी ओरडून सांगू शकत होते. निशिकांतला बोलावून सांगू शकत होते, त्याचे कान उत्तम आहेत. वाक्य जिभेवर तयार होतं, फक्त 'वारले' एवढंच म्हणायचं राहिलं होतं. आणि मला कोंडिबाचं बोलणं आठवलं. दारात उभी तेवीस वर्षांची बाई, मागे सासरचं भरलं घर, पदराला सहा वर्षांची मी. कोंडिबा लिफाफा पुढे करतोय आणि ती अंगठा मुठीत दाबून उभी आहे. साठ वर्षं तिनं ती मूठ उघडली नव्हती. मी काय उघडणार.

"काही नाही," मी म्हटलं. "जेवलीस का विचारत होते."

"जेवले." मी फोन ठेवणार, तोच तिनं विचारलं, "जागा कशी हाय ग तिथली?"

"चांगली आहे. टेकाडावर आहे. सगळी हिरवळ. रोज झाडतात."

"ऊन लई हाय म्हनं तिकडं. सावली हाय का?"

"आहे," मी म्हटलं. "वर छप्पर आहे. दगड गार असतो. मी हात लावून पाहिला."

"बरं झालं." मग म्हणाली, "तेवढी कुंकवाची डबी आनायला इसरू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. लिटिल इंडियाच्या आधी, फेरर पार्कला उतरले आणि पुढचं अंतर चालत गेले. दुकानदारानं लहान डबी आणि मोठी डबी, दोन्ही पुढे ठेवल्या.

मी मोठी घेतली.