वारा पडेपर्यंत थांबायचं तळं

नकाशावाले लिंडग्रेन साहेब माणूस चांगला, पण कुणी काही बोललं रे बोललं की लगेच वहीत उतरवायचा. आमच्या खाजणात इतकी तळी की मोजायला बसलं तर म्हातारपण येईल, आणि याला प्रत्येकाचं नाव हवं.

वाटाडे म्हणून मी आणि माझा आत्येभाऊ पनियाक. आमच्यात आत्ये-मामेभावांनी एकमेकांची टर उडवायची ही रीतच आहे, आणि जो मान तुकवील तो हरला. तीस वर्षं आमचं चाललंय, अजून दोघंही ताठ.

मोठ्या तळ्याशी साहेबांनी विचारलं, "याचं नाव?"

"पनियाक बुडाला ते तळं," मी म्हणालो.

पनियाक सुका सामन मासा चघळत होता. "बरोबर," तो म्हणाला. "ठळक अक्षरांत लिहा."

साहेबांनी लिहिलं!

संध्याकाळी हा किस्सा मी आत्याला रंगवून सांगितला. ती बेरी निवडत होती. हसली नाही.

"खरं नाव काय रे त्याचं?"

"वारा पडेपर्यंत थांबायचं तळं."

"तुझी पोरगी लांबच्या शाळेत शिकते. आपल्या गोष्टी तिच्या कानावर कुठे पडतात? ती कागद वाचणार. वादळात होडी घालायच्या आधी तिला 'थांब' कोण म्हणणार, तुझा विनोद?"

मला स्वतःचा असा राग आला की चहा तसाच टाकून उठलो.

सकाळी साहेबांचं पाण्यावरून उडणारं विमान निघणार होतं. मी पनियाकला अंथरुणातून ओढून काढला आणि दोघांनी नदीच्या मुखापर्यंत वल्ही मारली. साहेब विमानात चढतच होते.

"साहेब, त्या तळ्याचं नाव थट्टेतलं होतं हो!" मी खरं नाव सांगितलं.

साहेब वैतागले. "आणि ही थट्टा नाही कशावरून?"

"याला विचारा."

पनियाकचा चेहरा दगडासारखा. "पहिलंच खरं, साहेब. मी बुडालो होतो तिथे."

विमानाचा पंखा फिरायला लागला. "पनियाक," मी म्हणालो, "अरे, माझ्या पोरीसाठी तरी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली.

"बुडालो ते खरंच, साहेब. पण हा मला म्हणाला होता, वारा पडू दे, थांब. मी ऐकलं नाही. केसांना धरून यानेच बाहेर काढलं मला. चूक माझी होती. हा सांगतोय तेच नाव लिहा."

तीस वर्षांत हे त्याने एकदाही कबूल केलं नव्हतं. साहेबांनी पहिलं नाव खोडलं, नवं लिहिलं, आणि वाचूनही दाखवलं.

परतताना त्याला चिमटा काढायला मी तोंड उघडलं, आणि मला रडूच फुटलं.

पनियाकने वल्हं थांबवलं. "रड, रड," तो म्हणाला. "पोरगी आली की हेही सांगतो तिला."