कमरेला बांधलेला नारंगी फुगा

मी पोहणाऱ्यांच्या कमरेला बांधायचा नारंगी फुगा बोलतोय. वाढदिवसाच्या फुग्यांशी माझं नातं जोडू नका. माझी कातडी जाड आहे. माणूस पोहत असताना मी त्याच्या मागे तरंगतो, म्हणजे तो लांबूनही दिसतो आणि दमला तर मला कवटाळून दम खातो.

कारखान्यात तापलेल्या पट्ट्यांखाली माझ्या कडा चिकटवल्या आणि मला घडी घालून दुकानात पाठवलं. तिथून मला शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईनं घरी नेलं.

बाई चाळिशी उलटल्यावर पोहायला लागली होती. शिकवलं ते फोनमधल्या मैत्रिणीनं. पोहणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात दोघींची ओळख झालेली. प्रत्यक्ष भेट कधीच नाही. गटात सगळे त्या मैत्रिणीला मासोळी म्हणत. बाई तलावाकाठी बसून तिचे निरोप ऐकायची.

"अगं, श्वास कोंडू नकोस. पाण्यात तोंड घालून सोड. बुडबुडे मोजायला कुणी येत नाही."

बाई हसायची आणि उतरायची. थंडी सरली की दोघींनी मिळून तलाव पार करायचा, असं ठरलं होतं.

पुढे गटाची देखरेख बाईकडे आली. त्याच सुमारास मासोळीनं माझ्यासारखा फुगा न बांधता खोल पाण्यात पोहतानाचा व्हिडिओ टाकला. तो बघून गटातली एक नवखी मुलगी तशीच उतरली आणि गटांगळ्या खायला लागली. कुणीतरी वेळेवर ओढून काढली म्हणून वाचली. बाईनं लगेच नियम केला: फुग्याशिवाय उतरायचं नाही, तसे व्हिडिओही टाकायचे नाहीत.

मासोळीचा फोन आला. मी बाल्कनीत वाळत होतो. सगळं ऐकू आलं.

"तुला पाण्यात उतरवलं मी, आणि आता तू मला नियम शिकवणार?"

"तुझं बघून माणसं उतरतात, म्हणून सांगतेय. मीही तशीच उतरले ना."

"फुग्याला धरून पोहणं म्हणजे पोहणं नाही."

"नसेल. पण तो व्हिडिओ काढ."

"मग बस तुझा फुगा घेऊन."

फोन बंद झाला. थोड्या वेळानं मासोळीचा फोटोही दिसेनासा झाला. तिनं बाईला फोनवर कायमचं ब्लॉक केलं होतं.

त्यानंतर बाईचं पाण्यावरून मनच उडालं. माझी हवा काढून तिनं मला कपाटात कोंबलं. शाळेची बस मात्र वेळेवर निघायची. शेवटी तिची नणंदच म्हणाली, "वहिनी, रुसली ती आहे. तलावानं काय केलंय? मी होडी घेऊन येते सोबत."

बाईनं मला बाहेर काढलं, फुंकून फुगवलं आणि कमरेला बांधलं.

सकाळचं पाणी गार होतं. निम्मं अंतर मजेत कापलं. मग अचानक बाईच्या पोटरीत गोळा आला. पाय चालेना, नाकातोंडात पाणी गेलं. तिनं दोरी ओढली आणि मला छातीशी घट्ट धरलं. तिचं काळीज माझ्या अंगावर धडधडत होतं.

"वहिनी, होडी धरा."

"होडी लांब ने. होडीला हात लागला तर तलाव पार केला म्हणता यायचं नाही."

"आणि फुग्याला लागला तर चालतो?"

"तो माझ्याबरोबरच पोहतोय."

काय सांगू, त्या वाक्यानं माझ्यात जास्तच हवा भरली. बाईनं पोटरी चोळली, श्वास पाण्यात सोडला आणि मला मागे ढकलून निघाली. पलीकडच्या काठाला चिखल लागला तेव्हा ती रांगत वर आली, उभी राहिली आणि मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं. नणंद होडीतच नाचायला लागली; होडी उलटता उलटता वाचली.

आता माझा रंग उडालाय, एका कडेला ठिगळ आहे. पण सुट्टीच्या सकाळी त्या तलावावर माझ्यासारखे नारंगी ठिपकेच ठिपके दिसतात. तुम्ही उतराल तेव्हा माझ्या एखाद्या भावंडाला बांधा, एवढंच मागणं. आमचं ओझं होत नाही.

मासोळी परत आली नाही. नवखे बाईला विचारतात, तुम्हाला कुणी शिकवलं? बाई आमचे पट्टे ओढून तपासत सांगते, "एक मैत्रीण होती. तिच्यासारखं पोहणारी मी दुसरी पाहिली नाही. तिचं सगळं ऐकलं मी, एक सोडून."