पात्याचे तीन ठोके

अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळला. निवृत्त झाल्यावर बेलापूरच्या खाडीकाठी नीलतरंग सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहायला आलो आणि दुसऱ्याच वर्षी सेक्रेटरी झालो. सोसायटीला असा एक माणूस लागतोच, ज्याला झोप कमी आणि राग जास्त.

झोपेवरूनच सगळं सुरू झालं. डिसेंबरातली पहाट, साडेपाचची वेळ. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मग शांतता. डोळा लागतोय तोवर पुन्हा तीन ठोके. खिडकी उघडली तर खाडी नाही, पूल नाही, समोरची बिल्डिंगसुद्धा नाही. सगळं धुक्यात गेलेलं.

"अहो, दिवाळे गावाच्या जेट्टीवर वाजवतात," वैशाली पांघरुणातून म्हणाली. "होड्यांना किनारा कळावा म्हणून. झोपा आता."

झोपतो कसला! स्वेटर चढवला आणि तणतणत जेट्टीवर गेलो. तिथे भेंडीच्या जुन्या, जाड खोडाच्या झाडाला दोराने टांगलेलं एक धातूचं पातं होतं. पुरुषभर उंच, वीतभर रुंद, टोकाशी वाकलेलं. एक बाई पहारीच्या तुकड्याने त्यावर ठोके घालत होती. ही गोजरा. वैशाली हिच्याकडूनच मासे घेते. माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. ओठ हलत होते. ती मोजत होती. तीन ठोके घालायचे, वीसपर्यंत मोजायचं, तेवढ्यात कुठून हाक येते का ते ऐकायचं, आणि पुन्हा तीन.

थोड्या वेळाने धुक्यातून हाक आली, मग वल्ह्याचा आवाज, मग होडी. तिचा नवरा कमळाकर उतरला. साठीचा, काटकुळा माणूस.

"साहेब, झोपमोड झाली ना?" तो म्हणाला आणि हसला. मला त्या हसण्याचाच राग आला.

तरी त्याने चहा पाजला, मी प्यालो. पात्याची हकिकत त्यानेच सांगितली. अठरा वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी त्याचं जाळं कशात तरी अडकलं. ओढून ओढून जाळं फाटलं आणि हे वर आलं. विमानाच्या पंख्याचं पातं. कुठलं विमान, कधी पडलं, कोणालाच ठाऊक नाही. पहिल्यांदा त्याने होडीतून उतरायला फळी म्हणून ते टाकलं. पाय घसरायला लागले तेव्हा गोजराने ते अंगणात नेलं, त्यावर कपडे आपटले, मग दोन दगडांवर ठेवून जवळा सुकवला. एकदा धुऊन झाडाला उभं टेकवताना त्यावर पहार पडली, आणि खाडीच्या मध्यावरच्या एका होडीवाल्याने ओरडून विचारलं, काय झालं रे?

"तवापासून हितं टांगलंय," कमळाकर म्हणाला. "त्या इमानात कोन व्हता त्यो देवाला ठावं. त्याला काय वाट गावली नाय. आमाला दावतो."

मी मान डोलावली, कप खाली ठेवला, घरी आलो आणि तक्रार अर्ज लिहिला.

चांगला लिहिला होता. ज्येष्ठ नागरिक, रुग्ण, परीक्षेला बसलेली मुलं, सगळे त्यात होते. तीन ठिकाणी दिला, पाच ठिकाणी प्रत पाठवली. वर्षभर मागे लागलो. दोनदा हवालदार जेट्टीवर जाऊन समज देऊन आला. पण धुकं पडलं की ठोके पडायचेच. मग मी शक्कल लढवली, आणि तिचा मला आजवर कधी नव्हे एवढा अभिमान वाटला होता.

तोवर पलीकडे विमानतळ सुरू झाला होता. आमच्या गच्चीवरून विमानं उतरताना दिसायची आणि सोसायटीला विमानाचं भलतंच कौतुक. बागेत सेल्फी पॉइंट हवा म्हणून सगळे मागे लागले होते. मी मिटिंगमध्ये मांडलं, ते पातं आपण बागेत उभं करू, आणि बदल्यात जेट्टीवर विजेचा भोंगा बसवून देऊ. तोंड खाडीकडे. बटण दाबलं की काम झालं. टाळ्या पडल्या. टाकाऊतून टिकाऊ, असंही कोणीतरी म्हणालं.

कमळाकर आढेवेढे घेईल असं वाटलं होतं, पण त्याने बायकोकडे पाहिलं. "हिचा खांदा गेलाय, साहेब. रातभर कण्हते. बटनावर व्हत आसंल तर बरंच हाय."

"पक्की गॅरंटी," मी म्हणालो.

पातं आलं. ठेकेदार म्हणाला, दोन खांबांत टांगू, शोभून दिसेल. मी म्हटलं, आणि पोरं दगड मारत बसली तर? ज्या आवाजासाठी एवढा आटापिटा केला, तो आणून आपल्याच खिडकीखाली ठेवू? मी उभा राहून खड्डा खणून घेतला. पातं अर्ध्यापर्यंत सिमेंटमध्ये गाडलं आणि मागून आधाराला भिंत घालून तीही सिमेंटने जोडून टाकली. वाळल्यावर मी त्यावर किल्ली आपटून बघितली. ठप्प. मला इतकं बरं वाटलं की दोनदा आपटली.

वरचा भाग चंदेरी रंगवला, खालून दिवे सोडले, 'झेप' अशी पाटी लावली. उद्घाटनाला कमळाकरला शाल दिली. शाल सावरत तो पात्याजवळ गेला आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली. कान जवळ नेऊन पुन्हा केली.

"मुका क्येला की ओ साहेब त्याला," तो म्हणाला.

मी हसलो. आजूबाजूचे चारजणही हसले, आणि मग आम्ही सगळे बटाटेवडे खायला गेलो.

भोंगा पावसाळाभर तसाच पडून होता. खाडीचा खारा वारा लोखंड खातो, तर त्यातल्या तारा कशाला सोडेल. डिसेंबरच्या सुरुवातीला कमळाकर गेटवर आला. भोंगा घशातल्या घशात वाजतो म्हणाला. मी म्हटलं, बघतो. पंधरा दिवसांनी पुन्हा आला. आता अजिबात वाजत नाही म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या मिटिंगला घेतो. गॅरंटीचं कार्ड माझ्याच कपाटात होतं. शोधायचा कंटाळा केला. दुसरं काहीही कारण नव्हतं.

जानेवारीत एका पहाटे, सहा वाजले असतील, वॉचमन प्रितमने इंटरकॉम केला. "साब, वो मच्छीवाली अंदर घुसलीय. प्रोपेलरला हाणतेय. काढू का बाहेर?"

मी रागानेच खाली उतरलो. पाय दिसत नव्हते एवढं धुकं. बागेतले दिवे चालू होते, त्यामुळे पातं तेवढं चकचकत होतं आणि गोजरा पहारीच्या तुकड्याने त्यावर घाव घालत होती. ठप्प, ठप्प, ठप्प. रंगाचे पोपडे उडाले होते. एका हातात साधा बटणांचा मोबाइल होता, त्याचा स्पीकर लावलेला.

"काय चाललंय हे?" मी ओरडलो.

"आमचा मानूस खाडीत हाय," ती म्हणाली. "एकलाच गेलाय चारला. भोंगा बंद, साहेब. थाळी बडवली, देवलातली घंटा बडवली, त्याला आयकू जात नाय. ह्यो आवाज त्याला ठावा हाय."

मोबाइलमधून पाण्याची चुळूकचुळूक ऐकू येत होती. मग कमळाकर बोलला, अगदी शांतपणे, कोणी घरात बसून बोलावं तसा. "गोजरे, रेतीचा बार्ज येतोय कुठनं तरी. विंजिन आयकतंय. कुठल्या अंगानं त्ये कळंना. तू ठोक, मी आवाजावर वल्हवतो."

"हॉर्न वाजवा गाड्यांचे!" मी प्रितमला म्हटलं. तो धावला. पार्किंगमध्ये चार-पाच गाड्या केकाटायला लागल्या.

"हॉर्न नको," मोबाइल म्हणाला. "हॉर्न तर चारी बाजूंनी हायेत. पुलावरनं हायेत, रोडवरनं हायेत. पंखा ठोक."

मी गोजराच्या हातातून पहार घेतली. तिचा खांदा खरंच गेलेला होता, उजवा हात वर होत नव्हता, इतका वेळ ती डाव्याने मारत होती. मी दोन्ही हातांनी पहार उचलून मारली. हाताला झिणझिण्या आल्या, मानेपर्यंत गेल्या. आवाज निघाला तो भिंतीवर उशी आपटावी तेवढाच. पुन्हा मारली, वाकलेल्या टोकावर मारली, मधोमध मारली, मग सिमेंटवरच मारायला लागलो, ते फुटेल म्हणून. ठेकेदाराला मीच सांगितलं होतं, माल तगडा वापर. कपचीसुद्धा निघेना. सिमेंटला मी आईबहिणीवरून शिव्या घातल्या. साठ वर्षांत माझ्या तोंडून कोणी ऐकल्या नव्हत्या. वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडू लागल्या आणि कोणीतरी ओरडलं, कोण आवाज करतंय रे सकाळी सकाळी?

"तीन मारा," गोजरा म्हणाली. "तीन मारून थांबा. नायतर त्याला वलखू येनार नाय."

मी तीन मारले, थांबलो. ती मोजत होती. एक, दोन, तीन, चार. वीस होईपर्यंत मी उभा राहिलो. तेवढा मोठा वेळ माझ्या आयुष्यात दुसरा गेलेला नाही. मग पुन्हा तीन मारले.

"गोजरे," कमळाकर म्हणाला, "थांबलीस का गं?"

"नाय! थांबलो नाय! ठोकतोय, साहेब पन ठोकतायत, तुमी कान लावा!"

"मग वाजव ना. वाजवत का नाय?"

मी मारत होतो. त्या मोबाइलमध्ये आता पाण्याच्या मागे एक घरघर ऐकू यायला लागली होती, आणि ती वाढत होती. कमळाकर कोणाला तरी हाका मारू लागला, हो, हो, हो, अशा, बैलाला थांबवतात तशा. मग फोन पाण्यात गेला असावा. बार्जचं इंजिन मात्र आम्हाला अजून ऐकू येत होतं, आता थेट खाडीवरून, आणि ते एकदाही मंदावलं नाही.

नऊला धुकं उठलं. होडीचा अर्धा भाग काठच्या तिवरांच्या झाडीत सापडला. कमळाकर तिसऱ्या दिवशी मिळाला, जेट्टीपासून जेमतेम दोन होड्यांच्या अंतरावर. तो बरोबर दिशेनेच वल्हवत होता की लाटांनी त्याला आणलं, हे मी कोणाला विचारलं नाही. वैशालीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तिने बोलावं म्हणून मी आठवडाभर तिच्यामागे घरात फिरत होतो.

तेराव्यानंतर गावातली चार माणसं ड्रिल मशीन घेऊन आली. कमिटीच्या परवानगीचं विचारायला प्रितमने मला फोन केला. मी खाली जाऊन गेट स्वतः उघडलं. गोजरा त्यांच्याबरोबर होती. बाकड्यावर बस म्हटलं तर बसली नाही. माणसांनी आधी मागची भिंत फोडली, मग खड्ड्यातलं सिमेंट. सकाळचे अकरा झाले. ऊन चांगलं वर आलं होतं, खाडी लख्ख दिसत होती.

शेवटचा मोठा तुकडा सुटला आणि पातं कलंडलं. पहारीला घासून जरासं लागलं, एवढंच. ठण्ण. आवाज बागेतून निघाला, दोन्ही बिल्डिंगच्या मधून खाडीवर गेला. जेट्टीवर जाळं विणत बसलेली माणसं उठून इकडे बघायला लागलेली मला तिथून दिसली.

गोजरा पुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी पातं घट्ट धरलं. ते थरथरत होतं, तिचे हातही त्याच्याबरोबर थरथरत होते. आवाज पूर्ण थांबेपर्यंत तिने ते सोडलं नाही.